प्रवेश दिलात, आता शिकवा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की स्टाफरूममध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. नापासांच्या यादीवरून बोट फिरतं, आडनावं वाचली जातात, सीईटीचे पर्सेंटाइल आठवले जातात आणि चहा संपायच्या आत निष्कर्ष निघतो. आरक्षणातून आलेली मुलं एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणितात, आणि मेकॅनिक्समध्ये अडकणारच, कारण त्यांचा पायाच कच्चा.

या म्हणण्याची दोन रूपं आहेत. एक उघड तिरस्काराचं. त्यावर शब्द खर्च करण्याची माझी इच्छा नाही. दुसरं रूप कळवळ्याचं आहे, आणि जास्त नुकसान तेच करतं. ते म्हणतं: ‘या मुलांबद्दल आम्हाला आकस नाही. पण झेपणार नाही अशा ठिकाणी त्यांना ढकलून तुम्ही त्यांचंच वाटोळं करता. आयआयटीत किंवा नामांकित महाविद्यालयात केट्या लावून घेण्यापेक्षा ती साध्या महाविद्यालयात गेली, विज्ञानाऐवजी सोपा विषय घेतला, तर सुखाने पदवी तरी घेतील.’ ही भूमिका मांडणारे अनेक जण प्रामाणिक असतात, काही जण उत्तम शिक्षकही असतात. म्हणूनच त्यांच्याशी मुद्द्याने बोललं पाहिजे.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावर आणि उपलब्ध पुराव्यावर उभं राहून मी सांगतो की हा कळवळा चुकीच्या निदानावर उभा आहे. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतून विज्ञान-तंत्रज्ञानाकडे येणारी मुलं गळतात तेव्हा बहुतेक वेळा प्रवेश देऊन हात झटकणारी संस्था अपुरी पडलेली असते. तो अपुरेपणा दूर करायची रीत अनेक ठिकाणी वापरून, तपासून झालेली आहे. आपण ती वापरत नाही, एवढंच.

आधी पुराव्याचं पाहू. हा युक्तिवाद काही आपल्याकडचाच नाही. ९ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टेक्सास विद्यापीठाच्या प्रवेश धोरणावर सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी तो भर न्यायालयात मांडला. एका निवेदनाचा हवाला देत ते म्हणाले, की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना टेक्साससारख्या विद्यापीठात घेण्यापेक्षा कमी दर्जाच्या, संथ गतीच्या संस्थांत ते अधिक चांगले टिकतील असं काहींचं मत आहे. त्याच सुनावणीत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी विचारलं, की भौतिकशास्त्राच्या वर्गात अल्पसंख्य विद्यार्थी असा कोणता वेगळा दृष्टिकोन आणतो? स्कालियांना हवं होतं ते कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष घडून गेलेलं होतं. १९९६च्या जनमत कौलाने तिथल्या सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आली. अर्थतज्ज्ञ झॅकरी ब्लीमर यांनी त्या बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या अर्जदारांचा माग काढला. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं बर्कली, लॉस एंजलिससारख्या ठिकाणांहून कमी नामांकित महाविद्यालयांकडे सरकली. कळवळ्याच्या तर्कानुसार तिथे ती अधिक संख्येने पदवीधर व्हायला हवी होती. त्यांच्या पदव्या घटल्या, विज्ञान-तंत्रज्ञानातल्याही घटल्या, आणि पुढची कमाईही कमी झाली. सोप्या ठिकाणी पाठवून त्यांचं भलं झालं नाही.

आपल्याकडचा पुरावा याहून स्पष्ट आहे. सनदी अधिकारी सुरेंद्रकुमार बागडे यांनी डेनिस एपल आणि लॉवेल टेलर या दोन अर्थतज्ज्ञांबरोबर आरक्षण लागू असलेल्या दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालयांचा अभ्यास केला. २०१६ साली तो ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला. राखीव जागांमुळे मागास जातींची मुलं आणि मुली अधिक संख्येने, आणि तुलनेने चांगल्या महाविद्यालयांत, शिकू लागल्या असं त्यात दिसलं. न झेपणाऱ्या ठिकाणी गेल्यामुळे त्यांचं नुकसान झाल्याचा कोणताही पुरावा मात्र सापडला नाही.

विरुद्ध बाजूचे अभ्यासही आहेत आणि ते लपवण्याचं कारण नाही. वेरोनिका फ्रिसांचो आणि काला कृष्णा यांनी एका नामांकित भारतीय अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांची प्रगती तपासली. राखीव प्रवर्गातली मुलं पदवी संपेपर्यंत अंतर भरून काढत नाहीत, आणि अधिक चुरशीच्या शाखांत ती आणखी मागे पडतात असं त्यांना आढळलं. कॅलिफोर्नियाच्या बंदीपूर्व काळाबद्दलही पीटर आर्सिडियाकोनो आणि सहकाऱ्यांनी विज्ञान शाखांपुरता असाच निष्कर्ष काढला आहे. हे आकडे मी नाकारत नाही. पण ते नेमकं काय मोजतात? कमी तयारी घेऊन आलेल्या मुलाला संस्थेने वाऱ्यावर सोडलं तर काय होतं, ते मोजतात. चार वर्षांनंतरही अंतर तसंच राहिलं असेल, तर चार वर्षं शिकवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांच्याबद्दलचाही तो निष्कर्ष आहे. प्रवेशाचे गुण मुलगा बाहेरून घेऊन येतो. नंतरची चार वर्षं संस्थेची असतात. त्या चार वर्षांत संस्थेने काही वेगळं केलं तर काय होतं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेलं आहे.

१९७०च्या दशकाच्या मध्यात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्राइसमन हा गणिताचा संशोधक विद्यार्थी याच कोड्यापाशी अडला होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं इतक्या मोठ्या प्रमाणात नापास का होतात? त्याने आधी प्राध्यापकांना विचारलं. चार कारणं पुढे आली: मुलांना तळमळ नाही, शाळेतला पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, आणि गरिबी. आपल्या स्टाफरूममध्ये ही चारही कारणं रोज ऐकू येतात. ट्राइसमनने ती मान्य करून लेख लिहिला नाही. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून तो महिनोन्‌महिने त्यांच्यात वावरला. ती कुठे बसतात, कुणाबरोबर बसतात, किती वेळ अभ्यास करतात, अडलं की काय करतात, हे त्याने जवळून पाहिलं.

चारही कारणं टिकली नाहीत. अनेक मुलं आपापल्या शाळेची भूषणं होती आणि त्यांच्या आईवडिलांनी शिक्षणासाठी जिवाचं रान केलं होतं. प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळवलेलीही गटांगळ्या खात होती. फरक दिसला तो अभ्यासाच्या पद्धतीत. वर्गातल्या एका तासामागे दोन तास अभ्यास करा, हे प्राध्यापकांचं सांगणं कृष्णवर्णीय मुलं अक्षरशः पाळत. आठवड्याला आठएक तास, खोलीत, एकट्याने. चिनी मुलंही आधी एकट्याने बसत. पण संध्याकाळी ती जमत, कधी एकत्र जेवत, एकमेकांची गणितं तपासत, जुन्या परीक्षांचे प्रश्न सोडवत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर गणितच अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या बसलेल्या मुलाला तेच गणित अडलं की तो समजे, आपल्यालाच येत नाही.

हे वाचताना मला आपली वसतिगृहं आठवतात. शहरातल्या मुलाचा भाऊ आयटीत असतो, बिल्डिंगमधली ताई शेवटच्या वर्षाला असते. कोणत्या युनिटला किती गुण, कोणत्या लेखकाचं पुस्तक घ्यायचं, ओरलला एक्स्टर्नल काय विचारतात, सबमिशनची फाइल कशी लागते, हे सगळं त्याला पहिल्या आठवड्यातच घरबसल्या मिळतं. त्याला आपण हुशार म्हणतो. तो असेलही. पण त्याच्या हुशारीमागे माहितीची एक अख्खी वस्ती उभी असते. धडगाव, किनवट किंवा अहेरीहून घराण्यात पहिल्यांदा अभियांत्रिकीला आलेल्या मुलामागे ती नसते. शिवाय गटात सामील व्हायलाही त्याला भीती वाटते, कारण ओळखीचा पहिला प्रश्न ‘तुला पर्सेंटाइल किती?’ हा असतो, आणि तो कशासाठी विचारला जातो हे दोघांनाही माहीत असतं. आयआयटीत तोच प्रश्न रँकच्या नावाने येतो. खरं उत्तर दिलं तर त्या दिवसापासून तो ‘कॅटेगरीवाला’ होतो. म्हणून तो जेवणही लवकर उरकतो आणि खोलीचं दार लावून घेतो.

किनवटकडची एक विद्यार्थिनी एम-वनमध्ये नापास झाली आणि वही घेऊन माझ्याकडे आली. पार्शल डिफरन्सिएशनची पानंच्या पानं तिने सोडवली होती, आणि बहुतेक बरोबर. मग उत्तरपत्रिकेची प्रत मागवून पाहिली. प्रश्नपत्रिकेत ‘प्रश्न १ किंवा प्रश्न २’ असा पर्याय असतो. तिने दोन्ही सोडवले होते. पुढच्या जोडीतलेही दोन्ही. वेळ संपला तेव्हा शेवटची दोन युनिटं कोरीच राहिली होती. जास्त लिहिलं तर जास्त गुण मिळतील असं तिला वाटलं होतं, आणि तसं नसतं हे सांगणारं तिच्या भोवती कुणी नव्हतं. वर्गात आम्हीही सांगितलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीतच असतं असं आम्ही धरून चाललो होतो. पुढच्या सत्रात ती चार जणींबरोबर अभ्यासाला बसायला लागली आणि गणितात पुन्हा कधी अडकली नाही. आता सांगा, कच्चा कुणाचा पाया होता?

ट्राइसमनने निदानावरून उपाय शोधला, आणि त्या उपायाची पहिली अट आपल्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. सोपं शिकवायचं नाही. १९७८च्या सुमारास त्याने सुरू केलेल्या कार्यशाळेत मुलांना नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड गणितं दिली जात. गटात बसायचं, फळ्याशी झटायचं, एकमेकांशी वाद घालायचा, आणि शिक्षकाने उत्तर सांगायची घाई करायची नाही. तुम्ही कमी पडता म्हणून इथे आला नाहीत, तुमच्याकडून जास्त अपेक्षा आहे म्हणून इथे आहात, असं मुलांना सांगितलं जाई. निकाल असा, की कार्यशाळेतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांनी कार्यशाळेत न आलेल्या आपल्या समाजातल्या मुलांना तर मागे टाकलंच, गोऱ्या आणि आशियाई वर्गमित्रांनाही मागे टाकलं. मुलं त्याच समाजातली होती, प्रवेशाचे गुणही तेच होते. बदललं ते फक्त संस्थेचं वागणं.

आता याच्या शेजारी आपल्या रेमेडियल कोचिंगचा तास ठेवून पाहा. कॉलेज सुटल्यावर, तासिका तत्त्वावरच्या नव्या शिक्षकाच्या गळ्यात मारलेला, राखीव प्रवर्गातल्या मुलांची यादी नोटीस बोर्डावर लावून भरवलेला, दहावीचं बीजगणित पुन्हा गिरवणारा. त्या वर्गाचं दार उघडणं म्हणजे सगळ्यांसमोर ‘मी कमी आहे’ असं कबूल करणं. मुलं येत नाहीत. मग अहवालात लिहिलं जातं, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही.’ मदत आणि अपमान एकाच ताटात वाढले तर स्वाभिमानी मुलगा ताट सरकवणारच. त्याला तळमळ नाही असं म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

बर्कलीचं उदाहरण जुनं वाटत असेल तर मेरीलँडमधलं घ्या. बाल्टिमोर काउंटीतलं मेरीलँड विद्यापीठ १९६६ साली सुरू झालेलं, फारसं नाव नसलेलं होतं. वयाच्या बाराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या नागरी हक्क मोर्चात तुरुंगात गेलेले गणितज्ञ फ्रीमन राबोव्स्की यांनी १९८८ साली, रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ यांच्या देणगीतून, तिथे एक योजना उभी केली. पुढच्या वर्षी १९ कृष्णवर्णीय तरुणांची पहिली तुकडी आली. सत्र सुरू होण्याआधी उन्हाळ्यात एकत्र मुक्काम आणि अभ्यास, गटाने शिकण्याची सक्ती, पहिल्या वर्षापासून खऱ्या प्रयोगशाळेत काम, पुरेशी शिष्यवृत्ती, आणि नुसतं पास होण्याऐवजी पीएचडीपर्यंत जाण्याचं ध्येय. आज हे विद्यापीठ डॉक्टरी आणि पीएचडी दोन्ही पदव्या मिळवणारे कृष्णवर्णीय पदवीधर घडवण्यात अमेरिकेत आघाडीवर मानलं जातं. २००८ साली तिथून बाहेर पडलेल्या किझमेकिया कॉर्बेट यांनी पुढे मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनात मोलाचा वाटा उचलला. स्कालियांच्या तर्काने चाललं असतं तर अशा विद्यार्थिनीला कुणीतरी कळवळ्यानेच सोप्या विषयाकडे वळवलं असतं.

परदेशातले दाखले इथे कशाला, असं कुणी म्हणेल. खरं तर हे शहाणपण आपल्याच मातीतलं आहे, आपणच ते विसरलो आहोत. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण कोल्हापुरात त्यांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं ते त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ साली. पुढे तर जातीजातींच्या वसतिगृहांची रांगच उभी राहिली. आधी राहण्या-जेवण्याची, एकत्र अभ्यासाची सोय, मग राखीव जागा, हा क्रम त्यांनी विचारपूर्वक लावला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत आणि एका दिव्याखाली वाचत. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढलं तेव्हा वसतिगृहाला तितकंच महत्त्व दिलं. स्वतः बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा सरकारच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. दार उघडायचं आणि आत आलेल्याला पायावर उभं करायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाची, हे या तिघांनाही ठाऊक होतं. आपण दार उघडायचं काम कायद्यावर सोडलं आणि दुसरं काम कुणावरच सोडलं नाही.

पैशाचंच पाहा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१च्या नियमांनुसार, वसतिगृहात राहून अभियांत्रिकी करणाऱ्या विद्यार्थ्याला फीव्यतिरिक्त वर्षाला १३,५०० रुपये भत्ता मिळतो. म्हणजे महिन्याला १,१२५ रुपये. पुण्यात दोन वेळच्या डब्याला याच्या दुप्पट पैसे लागतात. ही रक्कमही वेळेवर येईल याची खात्री नाही. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज ‘अंडर स्क्रुटिनी’ दिसत राहतो, जात पडताळणीच्या पावतीसाठी खेटे चालू असतात, आणि इकडे फी बाकी म्हणून परीक्षेचा अर्ज किंवा मूळ कागदपत्रं अडवून धरलेली असतात. ज्या महिन्यात इतर मुलं इंटिग्रेशनचा सराव करत असतात त्या महिन्यात हा समाजकल्याणच्या खिडकीपुढे उभा असतो. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आपले विशेष अधिकार वापरून धनबादच्या आयआयटीला आदेश द्यावा लागला, की एका मजुराच्या दलित मुलाला प्रवेश द्या. १७,५०० रुपये भरायला त्याला काही मिनिटांचा उशीर झाला होता. जेईई ॲडव्हान्स्ड पार केलेला तो मुलगा. त्याच्या पायात काही कच्चं नव्हतं, खिसा रिकामा होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला म्हणून तो आपल्याला माहीत झाला. जे पोहोचत नाहीत त्यांची नावानिशी नोंद कुठेच होत नाही.

नोंद होते ती फक्त आकड्यांत. डिसेंबर २०२३मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं, की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी प्रवर्गातल्या १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण मध्येच सोडलं. एकट्या आयआयटींतून सोडणाऱ्यांत ओबीसी २,०६६, अनुसूचित जातींचे १,०६८ आणि जमातींचे ४०८. विद्यार्थी दुसरे पर्याय निवडतात, असं सरकारचं स्पष्टीकरण होतं. काही निवडतही असतील. पण पैसे संपले म्हणून किती गेले, अपमान सोसवेना म्हणून किती, विषय खरोखर झेपला नाही म्हणून किती, हे त्यातून कळत नाही. जाणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही तरी ‘झेपलं नाही’ हा शेरा मात्र आधीच तयार असतो. २०१५ साली रुडकीच्या आयआयटीने पहिल्या वर्षाच्या ७०हून अधिक मुलांना कमी श्रेणीमुळे काढून टाकलं. त्यांतली बहुतेक राखीव प्रवर्गांतली होती. ओरड झाल्यावर त्याच वर्षी त्यांना पुन्हा संधी मिळाली. मुलांची पात्रता त्या काही दिवसांत वाढली नव्हती. बदलली ती संस्थेची इच्छा.

आता तीन आक्षेप, जे प्रत्येक चर्चेत येतात.

पहिला: दर्जा घसरेल, उद्या पूल पडतील. आरक्षण प्रवेशापुरतं असतं. सत्र परीक्षेत उत्तीर्ण व्हायला चाळीस लागत असतील तर ते सगळ्यांना चाळीसच लागतात, पदवीच्या कागदावर प्रवर्ग नसतो. नोकरीतलं म्हणाल तर अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या दोन दशकांहून अधिक काळच्या आकडेवारीतून हेच तपासलं. राखीव प्रवर्गातल्या कर्मचाऱ्यांमुळे उत्पादकता घटल्याचं त्यांना कुठेही आढळलं नाही. शिवाय मी इथे जी मदत मागतो आहे ती अवघड गणितं सोडवून घेणारी आहे. त्याने दर्जा घसरतो असं म्हणणाऱ्याने ती गणितं एकदा सोडवून पाहावीत.

दुसरा: खुल्या वर्गातल्या गरीब मुलांनी काय घोडं मारलंय? काहीच नाही, आणि म्हणूनच ट्राइसमनच्या धर्तीची कार्यशाळा आपल्याकडे सगळ्यांसाठी खुली असावी असं मी म्हणतो. मायरहॉफ योजना १९९६पासून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली आहे आणि त्याने तिचं काही बिघडलं नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणारा मुलगा एम-थ्रीमध्ये धडपडतो तेव्हा तो कोणत्याही जातीचा असू शकतो. चांगल्या शिकवण्याचा फायदा सगळ्यांनाच होतो, पण ज्यांना घरून काहीच मिळालेलं नाही त्यांना सर्वांत जास्त होतो. एलि थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये शिकवण्याच्या पद्धतींवरच्या अनेक अभ्यासांचा ताळा मांडला. नुसत्या व्याख्यानाऐवजी विद्यार्थ्यांना वर्गातच कामाला लावणाऱ्या पद्धतीमुळे वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांचं परीक्षेतलं अंतर ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्यातलं अंतर ४५ टक्क्यांनी कमी झालं.

तिसरा: आम्ही जात पाहतच नाही, सगळ्यांना सारखंच शिकवतो. हे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण शिक्षकाच्या मनातली समजूत वर्गात उतरते. एका अमेरिकन विद्यापीठातल्या १५० विज्ञान-अभियांत्रिकी प्राध्यापकांच्या आणि १५,००० विद्यार्थ्यांच्या अभ्यासात २०१९ साली हे दिसलं. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते असं मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गांत वंचित गटांच्या मुलांचं गुणांतलं अंतर इतर वर्गांपेक्षा दुपटीपर्यंत जास्त होतं. म्हणजे आडातच नाही असं मानणारा शिक्षक स्वतःच विहिरीवर झाकण घालत असतो. आणि जात न पाहण्याची ग्वाही किती फसवी असते हे २००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दलच्या अहवालात दाखवून दिलं. शिकवण्यात, तोंडी परीक्षेत, वसतिगृहात कसा भेदभाव होतो, हे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी त्या समितीपुढे सविस्तर सांगितलं होतं.

मग करायचं काय? मोठा निधी किंवा नवा कायदा लागेल असं यात फार थोडं आहे. पहिल्या वर्षाचं गणित, भौतिकशास्त्र आणि मेकॅनिक्स विभागातल्या सर्वांत अनुभवी शिक्षकांनी शिकवावं. आज ते काम ज्याचा कुणी वाली नाही अशा नवशिक्याकडे जातं. अवघड गणितांची गट-कार्यशाळा वेळापत्रकात, दिवसाच्या वेळी, क्रेडिट देऊन, सर्वांसाठी घ्यावी, आणि तिच्यात वरच्या वर्गांतली त्याच पार्श्वभूमीची मुलं मानधनावर नेमावीत. पर्याय कसा सोडवायचा, फाइल कशी लावायची, पुस्तक कुठलं, हे सगळं पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला मराठीतून सांगावं. शिष्यवृत्तीचा हप्ता अडला तर तो सरकार आणि महाविद्यालय यांच्यातला हिशेब समजावा आणि त्यापायी कुणाचा परीक्षेचा अर्ज अडवू नये. यूजीसीच्या २०१२च्या समता नियमांनी सांगितलेला समान संधी कक्ष फलकापुरता न राहता त्याला चौकशीचे अधिकार आणि विद्यार्थी प्रतिनिधी मिळावेत. आणि पर्सेंटाइल किंवा रँक विचारून कुणाला कोपऱ्यात ढकलणं हे रॅगिंगच आहे, असं प्रत्येक संस्थेने लेखी जाहीर करावं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावाचून बाकीचं सगळं कागदावर राहील. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने पहिल्या वर्षाचा विषयवार निकाल, आणि चार वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण, प्रवर्गनिहाय, कुणाचंही नाव न देता, दरवर्षी जाहीर करावं. आज महाविद्यालयं प्लेसमेंटच्या पॅकेजचे फलक चौकाचौकांत लावतात. अनुसूचित जमातीच्या किती मुलांना घेतलं आणि त्यांतली किती अभियंता होऊन बाहेर पडली, हे त्यांना विचारलं तर उत्तर मिळत नाही. पुढच्या कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीच्या, वेळी पालकांनी, विद्यार्थी संघटनांनी आणि वार्ताहरांनी पॅकेजबरोबर हाही आकडा मागावा. तो आकडा वाईट असेल तर तो मुलांचा निकाल मानू नये, शिकवणाऱ्यांचा मानावा. त्यात मी आलो, माझे सहकारी आले, आमचे प्राचार्य आणि संचालकही आले. हा निकाल वाचायची आणि सुधारायची तयारी ज्या संस्थेची नाही, तिने गुणवत्तेवर कुणालाही व्याख्यान देऊ नये.